किल्ली कोणाकडे असायची? (गावच्या जुन्या टाऊन हॉलच्या आठवणी)

चिंचेखाली (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात बऱ्याच दिवसांनी गावी गेलो. एसटी स्टँडवरून घराकडे निघालं की पोस्ट ओलांडल्यावर मान आपोआप उजवीकडे वळते. तशी ती वळली आणि समोर निळे पत्रे. फटीतून डोकावलो तर आत नुसतं आभाळ. टाऊन हॉल पाडला.

पाडणार, पाडणार हे पंधरा वर्षं ऐकत होतो. त्यामुळे धक्का बसला वगैरे म्हणणार नाही. पण रात्री झोप लागेना, हे खरं.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव एवढं पुरे, ओळखणारे ओळखतील. दगडी जोतं, मंगलोरी कौलं, आत लाकडी स्टेज आणि स्टेजमागे रंगपटाची एवढीशी खोली. दारावर १८९७ कोरलेलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून त्या साली ठिकठिकाणी अशा इमारती उठल्या, त्यातलीच ही. स्वातंत्र्यानंतर राणीचं नाव जाऊन पुढाऱ्याचं आलं. गाव मात्र शेवटपर्यंत 'टाऊनाल'च म्हणत राहिलं.

आठवणी पुष्कळ आहेत, पण मला राहून राहून आठवते ती किल्ली. वीतभर लांब, गंजकी, सुतळी बांधलेली. हॉलसमोरच्या सायकल दुकानात पंक्चरच्या परातीच्या वर एक खिळा होता, त्याला ती टांगलेली असायची. दुकानातल्या मामांचा हॉलशी कागदोपत्री काहीही संबंध नव्हता. त्यांचं दुकान पहाटेपासून रात्री दहापर्यंत उघडं असायचं, एवढंच. कुणीही जावं, "मामा, किल्ली" म्हणावं, खिळ्याखालच्या वहीत नाव-तारीख लिहावी, की हॉल आपला. झाल्यावर झाडून, दिवे बंद करून किल्ली परत खिळ्याला. नाटकाच्या तालमी, बुद्धिबळाच्या स्पर्धा, वसंत व्याख्यानमाला, दहावीच्या पोरांची अभ्यासिका, सगळं त्या खिळ्यावर चालायचं.

आता गावाबाहेर नवं सांस्कृतिक भवन झालंय. वातानुकूलित आहे, खुर्च्या गुबगुबीत आहेत. तिथं चार तास बसायचं तर अर्ज, अनामत रक्कम, दोन सह्या. मी गेलो त्या आठवड्यात तिथं तीन लग्नं होती.

तुमच्याकडच्या हॉलची किल्ली कोणाकडे असायची? लिहा.

---

शेवटची रांग

अहो, मी तुमच्याच गावचा! भेगेचं लिहायचं राहिलं तुमचं.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. आम्ही पोरं घोंगड्या गुंडाळून रस्त्यावर आलो होतो. उजाडल्यावर पाहिलं तर हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग. हात घालता येईल एवढी नव्हती, पोस्टकार्ड मात्र सहज जायचं. ती भेग पुढं कितीदा तरी बुजवली आणि दर पावसाळ्यानंतर ती पुन्हा दिसायला लागायची. नाटक कंटाळवाणं असलं की आम्ही भेगेकडच्या खुर्च्या धरायचो, कारण तिथून बाहेरच्या भजीवाल्याला खुणा करता यायच्या.

वडिलांच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान याच हॉलमध्ये झालं. तेव्हा शिक्का मारायची भानगड नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि आपली चिठ्ठी आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत टाकायची. पेट्या रंगपटात मांडल्या होत्या. वडील सांगायचे, आत गेलेली एक म्हातारी बाहेरच येईना. शेवटी कळलं, ती प्रत्येक पेटीला हळद-कुंकू लावत होती.

---

रानवारा

वाचतेय. छान धागा. आमच्याकडे किल्ली ग्रंथपालांकडे असायची आणि ते कधीच घरी नसायचे. :)

---

विंगेतला

हॉल म्हटलं की मला मिठाचं पाणी आठवतं. आता कुणी विश्वास ठेवणार नाही, पण आम्ही दिवे मंद-प्रखर करायचो ते मिठाच्या पाण्यावर.

सिमेंटचा उभा पाइप, तळाशी शिशाची पट्टी. वरून दोरीला बांधलेली दुसरी पट्टी. मधे पाणी आणि त्यात मीठ. वरची पट्टी खाली सोडली की दोन पट्ट्यांमधलं अंतर कमी, करंट जास्त, दिवा प्रखर. वर ओढली की मंद. असे सहा पाइप ओळीने, आणि प्रत्येक दोरीवर एक माणूस. तंबाखू चोळायलासुद्धा हात मोकळा नाही. मीठ किती टाकायचं हे मोजून नव्हे, हाताच्या अंदाजाने. मीठ जास्त झालं की फ्यूज उडायचा, कमी झालं की नायक अंधारात. स्पर्धेच्या दिवशी शेवटचं काम म्हणजे एखाद्या पोराला पिटाळायचं, "खडेमीठ घेऊन ये, बारीक नको."

यातली गोम अशी की करंटने पाणी तापतं, आणि तापलेलं खारं पाणी करंट आणखी जास्त सोडतं. पहिल्या अंकात सगळं हातात असायचं. तिसऱ्या अंकापर्यंत पाइपातून वाफा. एका वर्षी आमच्या नाटकात शेवटी म्हातारा मरतो आणि प्रकाश हळूहळू विझतो, असं होतं. मी दोरी ओढतोय, ओढतोय, पट्टी पाण्याच्या कडेला आली तरी दिवा काही विझेना. म्हातारा मेला, पुन्हा थोडा हलला, पुन्हा मेला. शेवटी दिग्दर्शकाने मेन स्विच पाडला आणि प्रेक्षागृहातले पंखेसुद्धा बंद पडले. टाळ्या कशाला पडल्या ते आजही कळलेलं नाही.

नाशिकच्या विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ ला नाटकाच्या रात्री अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तिथल्या भिंतींनी इतिहास पाहिला म्हणायचा. आमच्या भिंतींनी हा दोनदा मेलेला म्हातारा पाहिला.

---

मीच ती

@विंगेतला, हसून हसून पुरेवाट!

धागाकर्त्यांनी "कुणीही जावं, किल्ली मागावी" असं लिहिलंय, तिथं जरा थांबले. मीही त्याच गावची. आमच्या आईचं भगिनी मंडळ दर बुधवारी दुपारी तीन ते पाच हॉलमध्ये जमायचं. शिवणवर्ग, कधी वाचन, कधी नुसत्या गप्पा. किल्ली आणायला मात्र दर बुधवारी मी जायचे. वय वर्षं आठ. कारण सायकलच्या दुकानात बायकांनी जायचं नसतं! वहीत नावही माझंच असायचं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत. आईचं नाव त्या वहीत मला कधी दिसलं नाही.

पण याच हॉलमध्ये आई पहिल्यांदा माईकपुढे उभी राहिली. हुंड्यावर बोलायचं होतं. चार ओळी बोलली आणि थांबली. कारण स्वतःचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जाऊन पोचतोय हे तिला पहिल्यांदाच ऐकू येत होतं. "मला वाटलं, दुसरंच कुणी बोलतंय," म्हणायची. पुढचं भाषण माईक बाजूला सरकवून केलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं.

---

ओळंबा

शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं यात नवल नाही. मी इमारतींच्या धंद्यात आहे म्हणून थोडं अवांतर.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. अशा जुन्या हॉलची लांबी पंधरा मीटरच्या आसपास असते. बोललेला शब्द मागच्या भिंतीवर आपटून परत यायला सेकंदाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी वेळ लागतो, आणि एवढ्या कमी अंतराने आलेला आवाज कान वेगळा मोजत नाही. तो मूळ शब्दालाच बळ देतो. हॉल तीस मीटरचा केला की तोच आवाज वेगळा, मागून ऐकू येतो. म्हणजे प्रतिध्वनी.

शिवाय कौलांच्या फटी, लाकडी वासे, सतरंज्या, दाटीने बसलेली माणसं हे सगळं आवाज पितं. बोलण्यासाठी बांधलेल्या खोलीत आवाज घुमायचा वेळ एका सेकंदाच्या आसपास असावा, तो असा फुकटात साधायचा. नव्या भवनात काय असतं? खाली ग्रॅनाइट, बाजूला काच, वर गुळगुळीत प्लास्टर. आवाज इकडून तिकडे आपटत राहतो, मग त्याच्यावर मात करायला स्पीकर मोठे, मग गोंधळ आणखी मोठा. वातानुकूलनाला पैसे असतात, आवाजाचा विचार करायला नसतात. माझं हे रडगाणं रोजचं आहे.

कौलांची एक खोड मात्र कबूल करायला हवी. पाऊस आला की नाटक बंद.

---

बोलघेवडा

सगळ्यांचे उमाळे वाचले. आता थोडं कडू.

मी गावातच राहतो. शेवटची दहा वर्षं हॉलमध्ये काय होत होतं, सांगू? चादरींचा सेल. मग साड्यांचा सेल. मग कुलूप. छपरातून धार लागायची, स्टेजची फळी मोडून एका नाचणाऱ्या पोरीचा पाय आत गेला. नशीब, खरचटण्यावर निभावलं. दुरुस्तीसाठी वर्गणी काढली तेव्हा पुण्या-मुंबईच्या गावकऱ्यांनी व्हॉट्सॲपवर हात जोडलेले फोटो पाठवले. मामा वारले, दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, किल्ली कार्यालयात गेली. त्या दिवशीच हॉल मेला. जेसीबी नंतर आला.

तेव्हा धागाकर्त्यांचा किल्लीचा मुद्दा मान्य. मात्र खिळ्याला टांगलेल्या किल्लीने छप्पर शाकारलं जात नाही.

---

चिंचेखाली

@बोलघेवडा, हात जोडलेला फोटो पाठवणाऱ्यांत मी होतो. मान्य.

---

दूरदेशी

आमचं गाव सोलापूरकडचं. हॉल तुमच्याइतका देखणा नव्हता, पत्र्याचा होता.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेलेली. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते आणि पहाटे चारच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडे भांडी पडली, तेवढंच. सकाळी रेडिओवर कळायला लागलं. दुपारपर्यंत हॉलमध्ये कपड्यांचा ढीग छताला लागायला आला. भाकरी, घोंगड्या, कंदील, बादल्या. आम्ही कॉलेजची पोरं दिवसरात्र निवडायला बसलो होतो. लोकांनी प्रेमाने काय काय दिलं, काय सांगू! जरीची शालू, एका पायातला बूट, थ्री-पीस सूट. ट्रक भरताना भाकरीच्या चळती हातोहात जायच्या आणि सूट मात्र तिथंच राहायचा.

किल्लीचं विचारलंत म्हणून सांगतो. त्या पंधरा दिवसांत किल्ली कुणाकडेच नव्हती. दार लावलंच नाही.

---

उंबरठा

बरेच दिवस नुसता वाचक आहे. आज लिहितो.

मीही त्याच गावचा. नदीकडच्या बाजूचा. आमच्या आज्यानं हा हॉल आतून पाहिला तो चुना मारायला गेला तेव्हा. सार्वजनिक पैशाच्या विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात १९२३ साली समाजसुधारक सी. के. बोल्यांनी मांडून संमत झाला होता. आज्याला तो ठराव माहीत असायचं कारण नाही. हॉलच्या कारभाऱ्यांना माहीत नसायचंही कारण नाही.

हे जुनं झालं म्हणाल. मग नंतरचं सांगतो. १९७० च्या आसपास माझ्या वडिलांनी १४ एप्रिलच्या सभेसाठी किल्ली मागितली. ते मामांच्या दुकानात गेले तेव्हा खिळा रिकामा होता. दुसऱ्या दिवशीही रिकामा. तिसऱ्या दिवशीही. "कुणीतरी नेलीय बघा," एवढंच उत्तर. वहीत कुणाचं नाव नव्हतं. सभा नदीच्या वाळूत झाली, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, आणि वडील म्हणायचे की गर्दी हॉलमध्ये मावली नसती.

पुढे मिळायला लागली किल्ली. पहिल्यांदा मिळाली त्या संध्याकाळी वडील लवकर जाऊन सगळ्यांच्या आधी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. स्टेजवर बोलावलं तरी गेले नाहीत. हॉल भरताना मागून बघायचा होता, म्हणाले.

तमाशाच्या फडालाही हा हॉल कधी मिळाला नाही, हे जाता जाता. फड उतरायचे ते कनात लावून, बाजारतळावर. हॉल 'चांगल्या' कार्यक्रमांसाठी होता.

हॉल पाडला याचं मला वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. पण 'कुणीही' हा शब्द जपून वापरा.

---

चिंचेखाली

@उंबरठा, वर लिहिलेलं खोडत नाही, म्हणजे तुमच्या प्रतिसादाला संदर्भ राहील. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन आणि आमचं घर हॉलपासून हाकेच्या अंतरावर. किल्ली कुणी नेली असेल याचा अंदाज मला आहे. आमच्याच आळीतली माणसं. मामांना नुसतं "दोन दिवस देऊ नका" म्हणून सांगितलं असणार, आणि मामा भिडस्त. भिडस्तपणाचं आम्ही नेहमी कौतुकच केलं.

@मीच ती, आईंचं नाव वहीत नाही हे वाचूनही तसंच झालं.

---

झाडीतला

आमच्या झाडीपट्टीत हॉलची भानगडच नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे धान निघालं की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या रात्री शेतात मंडप ठोकून नाटक. स्टेजपुढे खड्डा खणून त्यात वादक बसतात. रात्री सुरू झालेलं उजाडेस्तोवर चालते. किल्ली नाही, कुलूप नाही, तिकीट मात्र आहे. अन् गर्दी तुमच्या भवनापेक्षा जास्त. या एकदा.

---

मिरजवाली

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांच्या काळातलं, पॅलेस थिएटर म्हणून १९१५ पासून उभं. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसं बघून माझ्या मुलीने विचारलं, "आई, आत कोण होतं?" कुणीच नव्हतं, म्हटलं. तिला काही कळेना.

आग विझते न विझते तोवर, होतं तसंच पुन्हा उभं करा, ही मागणी सुरू झाली. मोठ्या शहराच्या नामांकित हॉलला हे मिळतं. तालुक्याच्या हॉलला निळे पत्रे. कारण तिथे कोणी मोठा नट गाजलेला नसतो, बुधवारचा शिवणवर्ग गाजलेला असतो.

---

शेवटची रांग

स्टेजखालच्या रांजणांची आठवण कुणीच काढली नाही! आवाज घुमावा म्हणून स्टेजखाली बारा रांजण पालथे पुरलेत, असं आमच्या लहानपणी सगळे छातीठोकपणे सांगायचे. कुणी सोळाही सांगायचे.

---

बोलघेवडा

पाडताना मी तिथं उभा होतो. रांजण एकही निघाला नाही. निघालं ते असं: विड्यांची थोटकं टोपलीभर, एक लाकडी तलवार, सोंगट्या, बायकी केसांचा एक टोप (उंदरांनी त्यात संसार थाटला होता), कुणाचा तरी चष्मा, आणि शिशाच्या दोन पट्ट्या. त्या कशाच्या ते कुणाला कळेना. @विंगेतला यांचा प्रतिसाद वाचल्यावर आज कळलं. भंगारवाल्याने वजनावर नेल्या.

---

विंगेतला

दोनच? बाकीच्या कुठं गेल्या मग!

---

ओळंबा

रांजण नव्हते हे ऐकून बरं वाटलं. माझं गणित वाचलं.

---

मीच ती

एक विचारायचं राहिलं. मामांच्या वह्यांचं काय झालं? ती एकच वही नसणार, इतक्या वर्षांच्या कितीतरी असतील.

---

बोलघेवडा

आहेत. दुकान रिकामं करताना मामांच्या मुलाने रद्दीत घालायला काढल्या होत्या, त्या वाचनालयात नेऊन ठेवल्या. अकरा वह्या. खालच्या कपाटात, जुन्या दिवाळी अंकांच्या मागे. कसर लागलीय थोडी. १९७० ची असेल का, सांगता येत नाही.

---

उंबरठा

असली तर मला एप्रिलची पानं बघायची आहेत. कोरी असली तरी.

---

चिंचेखाली

येत्या रविवारी मी गावी येतो. @मीच ती, तुम्हाला बुधवारांचे फोटो काढून पाठवतो, तुमचं अक्षर ओळखू येईलच. @उंबरठा, तुम्ही प्रत्यक्षच या, आपण मिळून बघू. @बोलघेवडा, तुम्ही गावातच आहात, तर येताना दोन रुमाल आणा, धूळ भरपूर असणार. आणि तेवढं बघून ठेवा, त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?